बागेतला रस्ता कोणाचा? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची ११९ वर्षं

आजचा विषय तसा लहान वाटेल. एका शहरातली एक बाग, त्या बागेतला एक रस्ता, आणि त्या रस्त्यावरून कामाला जाणाऱ्या मोटारी. त्या जाऊ द्यायच्या की नाही, एवढाच प्रश्न. पण हा प्रश्न सोडवायला न्यूयॉर्क शहराला एका शतकाहून जास्त काळ लागला. सेंट्रल पार्कमध्ये मोटारींना पहिल्यांदा परवाना मिळाला १८९९ मध्ये, आणि बागेच्या वळणदार रस्त्यांवरून खाजगी मोटारी कायमच्या हटल्या २०१८ च्या जून महिन्यात. मधली वर्षं मोजली तर ११९ भरतात. या काळात दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि सकाळी ऑफिसला जाणारी मोटार बागेतून जावी की बाहेरून, यावर लोक भांडतच राहिले.

इतका वेळ का लागला, हे आज आपण बघू. त्यासाठी आधी बाग कशी झाली इथून सुरुवात करावी लागेल, कारण या भांडणाचं उत्तर बागेच्या मूळ आराखड्यातच पडलेलं होतं. ते लोक विसरले होते, इतकंच.

१८११ मध्ये मॅनहॅटन बेटावर रस्त्यांचा आराखडा आखला गेला. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ उभे-आडवे रस्ते, आणि मोकळी जागा जवळजवळ नाहीच. चाळीसएक वर्षांत शहराची लोकसंख्या भराभर वाढली आणि मोकळ्या हवेची मागणी सुरू झाली. १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानं बेटाच्या मधोमध बागेसाठी जमीन घ्यायला मंजुरी दिली. ही जमीन काही ओसाड नव्हती, हे लक्षात ठेवा. तिथे सुमारे १,६०० माणसं राहत होती. त्यात सेनेका व्हिलेज नावाची एक वस्ती होती. मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांची, स्वतःच्या मालकीची घरं असलेली, चर्च आणि शाळा असलेली वस्ती. १८५७ पर्यंत ती उठवली गेली. म्हणजे 'सर्वांची बाग' या शब्दांत 'सर्व' कोण, हा प्रश्न पहिल्या कुदळीपासूनच होता. पुढे मोटारींच्या वादातही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग स्पर्धा जाहीर झाली. ३३ आराखडे आले. १८५८ मध्ये निवडला गेला तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांचा. आराखड्याचं नाव 'ग्रीन्सवर्ड', म्हणजे हिरवळीचा आराखडा. स्पर्धेच्या अटींमध्ये एक अट अशी होती की, बागेला आडवे छेदणारे निदान चार रस्ते हवेत. कारण उघड आहे. बाग अर्धा मैल रुंद आणि आज बघितली तर अडीच मैल लांब, ५९व्या रस्त्यापासून ११०व्या रस्त्यापर्यंत. एवढा मोठा तुकडा शहराच्या पोटात ठेवला तर पूर्वेकडच्या माणसानं पश्चिमेला जायचं कसं? फेरा घालून?

आता इथे ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी जे केलं, ते आजच्या व्याख्यानाचं मर्म आहे. हे चार रस्ते त्यांनी जमिनीवर ठेवलेच नाहीत. ते खाली घेतले. सुमारे आठ फूट खोल, खडक फोडून, बाजूला दगडी भिंती बांधून, आणि बागेच्या वाटा वरून पुलांवरून नेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आज शहर दक्षिणेकडे आहे, इथे अजून वस्ती विरळ आहे. पण एक दिवस बागेच्या चारी बाजूंना शहर उभं राहील, आणि मग या आडव्या रस्त्यांवरून कोळशाच्या गाड्या, खाटकाच्या गाड्या, कचऱ्याच्या गाड्या, आगीचे बंब रात्रंदिवस धावतील. बाग रात्री बंद ठेवता येईल, हे रस्ते बंद ठेवता येणार नाहीत. म्हणून शहराची ये-जा आणि बागेतलं फिरणं या दोन गोष्टी एकमेकींना दिसूसुद्धा नयेत अशी रचना करा.

१८५८ साल, मोटारीचा जन्मही झालेला नव्हता आणि या दोघांनी वाहतुकीचे दोन स्तर केले. बागेच्या आत आणखी वाटणी केली. बग्ग्यांसाठी वळणदार रुंद रस्ता, घोडेस्वारांसाठी मातीची वेगळी वाट, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पाऊलवाट, आणि जिथे जिथे या वाटा एकमेकींना छेदतात तिथे छोटे पूल आणि कमानी. वळणं मुद्दाम ठेवली होती. रस्ता सरळ असला की घोडे पळवायची हौस येते, वळणाचा असला की माणूस आपोआप सावकाश जातो.

तर मूळ उत्तर असं होतं: शहराला बागेतून पलीकडे जायचं असेल तर चार खोल रस्ते आहेत. बाकीचे रस्ते पोचण्यासाठी नाहीत, फिरण्यासाठी आहेत.

उत्तर छान आहे. पण ते फार गोड करून सांगायला नको. कारण फिरायचं कोणी? सुरुवातीच्या दशकात बागेत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक बग्गीतून यायचे, असं रॉय रोझेन्झ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी दाखवलं आहे. आणि बग्गी परवडणारे शहरात शंभरात पाचसुद्धा नव्हते. गरिबांच्या वस्त्या दक्षिणेला, बाग उत्तरेला, जाण्यायेण्याचं भाडं खिशाला न परवडणारं. शिवाय नियम असे की, मालवाहू गाडी आत आणायची नाही. एखादा दुकानदार रविवारी बायकापोरांना आपल्याच दुकानाच्या गाडीत बसवून बागेत चक्कर मारू म्हणाला, तर त्याला मनाई. श्रीमंताची बग्गी चालेल, वाण्याची गाडी चालणार नाही. दोन्हींना चार चाकं आणि पुढे घोडाच. म्हणजे कुठलं वाहन बागेला शोभतं, याचा निकाल वाहनावरून लागत नव्हता, आत बसलेल्यावरून लागत होता.

यानंतर फाटकाशी सायकल आली. १८८० च्या सुमारास ती उंच पुढच्या चाकाची सायकल, आपण जुन्या चित्रांत बघतो ती. घोडे बिथरतात म्हणून बागेच्या मंडळानं सायकलींना बंदी केली. १८८१ मध्ये सायकलस्वारांनी मुद्दाम आत शिरून अटक करून घेतली आणि प्रकरण कोर्टात नेलं. सत्याग्रहाचाच प्रकार म्हणा ना. कोर्टात काही मिळालं नाही, पण लोक मागे लागले, हळूहळू सवलती मिळाल्या, आणि १८८७ मध्ये राज्याच्या कायद्यानं सायकलला बग्गीइतकाच हक्क दिला. पुढच्या शतकात हीच सायकल मोटारींना बाहेर काढायच्या चळवळीत सर्वांत पुढे असणार आहे.

मग मोटार आली. पुन्हा तेच. घोडे बिथरतात, आवाज होतो, धूर होतो, बंदी. आणि पुन्हा तोच युक्तिवाद उलट बाजूनं: बग्गीला रस्ता मोकळा, मग मोटार ही बिनघोड्याची बग्गीच नाही का? १८९९ मध्ये परवाने द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षीची एक घटना सांगतो. १३ सप्टेंबर १८९९. सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेला, ७४व्या रस्त्याच्या नाक्यावर हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरत होते. विजेवर चालणाऱ्या एका टॅक्सीनं त्यांना उडवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. अमेरिकेत मोटारीखाली सापडून मेलेला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद आहे. शंभर वर्षांनी, १९९९ मध्ये, तिथे स्मृतिफलकही लावला. ही घटना बागेच्या भिंतीला लागून घडली आणि त्याच वर्षी बागेचं फाटक मोटारीला उघडलं. योगायोगच आहे, मी त्यातून जास्त काही काढत नाही. पण त्या काळच्या माणसाला मोटार नेमकी काय आहे हे अजून उमगलेलं नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

सुरुवातीची मोटार खरोखरच बग्गीसारखी होती. श्रीमंताची हौस. ती बागेत फिरायलाच यायची. म्हणून फिरण्याच्या रस्त्यावर तिला जागा देणं चूक वाटलं नाही. पण मोटार तिथेच थांबली नाही. ती स्वस्त झाली, घरोघर गेली, आणि हौसेची चीज पोटापाण्याची झाली. आणि ज्या रस्त्यावरून ती हवा खायला जायची, त्याच रस्त्यावरून कामाला जाऊ लागली.

रस्ताही तिच्याप्रमाणे बदलत गेला. १९१२ मध्ये खडीच्या जागी डांबर आलं. १९३२ मध्ये बागेच्या आत, झाडांच्या मधोमध, लाल-हिरवे सिग्नल उभे राहिले. बागेत सिग्नल! जरा विचार करा. फिरायला आलेल्या माणसाला सिग्नल कशाला लागतो? सिग्नल लागतो तो वेळेत पोचायचं असणाऱ्याला. ज्या दिवशी सिग्नल लागले, त्या दिवशी तो रस्ता बागेचा राहिला नव्हता, शहराचा झाला होता.

आणि इथे मला एक मुद्दा ठासून सांगायचा आहे. 'बागेतला रस्ता आजपासून मोटारींच्या रोजच्या वाहतुकीला देत आहोत' असा निर्णय समोरासमोर चर्चा करून, फायदातोटा तोलून, कोणी घेतलेला दिसत नाही. परवाना दिला, डांबर घातलं, सिग्नल लावले. प्रत्येक पाऊल वेगळं, प्रत्येकाला त्या त्या वेळचं सोयीचं कारण. शेवटी बेरीज झाली तेव्हा बागेत मोठी वाहती सडक तयार होती. पुढे ती बंद करायचं म्हटलं तेव्हा मात्र पुरावे द्या, अभ्यास करा, प्रयोग करा, सुनावण्या घ्या, असा सगळा भार बंद करू म्हणणाऱ्यांवर आला. जे न ठरवता आलं, ते काढायला ठराव लागला. रूढीचं आपल्याकडेही असंच असतं, नाही का?

१९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख झाले आणि १९६० पर्यंत राहिले. मोझेस म्हणजे न्यूयॉर्कच्या महामार्गांचे, पुलांचे आणि खेळाच्या मैदानांचे कर्ते. काम अफाट, वाद त्याहून अफाट. त्यांच्याच काळात दोन भांडणं झाली, आणि त्या दोन्हींमुळे पुढची वाट मोकळी झाली.

पहिलं, १९५६ चं. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला एक हॉटेल आहे, टॅव्हर्न ऑन द ग्रीन. मूळ इमारत मेंढ्यांचा गोठा होती. १९३४ मध्ये मेंढ्या ब्रुकलिनला पाठवल्या आणि हॉटेल झालं. या हॉटेलच्या गाड्या उभ्या करायला मोझेसना तळ वाढवायचा होता. जागा होती ती आसपासच्या आया मुलांना खेळायला आणत तिथली. एप्रिल १९५६ मध्ये या बायका बाबागाड्या घेऊन बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. मग एका रात्री कुंपण घालून झाडं पाडली गेली, आणि शहर खवळलं. कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी मोझेसनी माघार घेऊन त्या जागी मुलांचं मैदान केलं. जागा किती? एका लहानशा कोपऱ्याएवढी. पण मोझेस हरू शकतात हे लोकांना पहिल्यांदा दिसलं.

दुसरं भांडण वॉशिंग्टन स्क्वेअरचं. ही बाग शहराच्या दक्षिण भागात, ग्रीनिच व्हिलेजमध्ये. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मोटारी आणि बसगाड्या थेट या बागेतून जात. मोझेसना इथे आणखी रुंद रस्ता हवा होता. १९५२ पासून शर्ली हेज नावाच्या तिथल्याच एका आईनं उलटी मागणी लावून धरली होती: रुंद रस्ता नको, अरुंद रस्ताही नको, बागेत रस्ताच नको. आधी लोकांना हे फार टोकाचं वाटलं. बरेच भले लोक तडजोडीच्या बाजूनं होते, थोडा अरुंद रस्ता करा म्हणत होते. पण मागणी साधी होती, समजायला सोपी होती, म्हणून ती टिकली. नंतर या चळवळीत जेन जेकब्ज आल्या. बंदीचा आधी प्रयोग तरी करून बघा, हा मार्ग पुढे आला. वाहतूक खात्याचे लोक म्हणत होते, भोवतालचे रस्ते तुंबतील. १ नोव्हेंबर १९५८ ला बाग मोटारींना बंद झाली. रस्ता उघडताना फीत कापतात. इथे लोकांनी फीत बांधली.

आणि भोवतालचे रस्ते? ते तुंबले नाहीत. जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हेच लिहिलं की, आसपासची वाहतूक वाढली नाही, उलट किंचित कमी झाली. मग त्या मोटारी गेल्या कुठे?

हा प्रश्न मजेदार आहे आणि त्याचं उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षं लागली. आपल्याला वाटतं वाहतूक पाण्यासारखी असते. इथे बांध घातला की तिकडून फुटणार. पण पाण्याला डोकं नसतं, माणसाला असतं. रस्ता बंद झाला की कोणी वेळ बदलतो, कोणी दोन कामं एका फेरीत उरकतो, कोणी रेल्वे धरतो, कोणी ती फेरीच रद्द करतो. न्यूयॉर्कनंच याचा मोठा दाखला पुढे अनुभवला. डिसेंबर १९७३ मध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उंच महामार्ग एका ठिकाणी कोसळला. गंमत अशी की तो कोसळला त्याच महामार्गाच्या दुरुस्तीसाठी डांबर नेणाऱ्या ट्रकच्या वजनानं. महामार्गाचा मोठा भाग बंद झाला, तरी शहर ठप्प झालं नाही. नंतर ब्रिटनमधल्या संशोधकांनी ११ देशांतली ७० हून अधिक उदाहरणं तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला. रस्त्याची जागा कमी केल्यावर निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्के किंवा त्याहून जास्त घटलेली दिसली. सगळीकडे नाही, हेही त्यांनी सांगितलं. काही ठिकाणी खरंच वाढली. म्हणून 'काही होत नाही, बिनधास्त बंद करा' असं म्हणणंही बरोबर नाही. प्रत्येक जागी मोजावं लागतं.

आता सेंट्रल पार्ककडे परत येऊ. १९६६ मध्ये जॉन लिंडसे महापौर झाले. त्यांनी उद्यान खात्यावर थॉमस होव्हिंग नावाचा ३५ वर्षांचा माणूस आणला. होव्हिंग वर्षभरातच पुढे मेट्रोपॉलिटन म्युझियमचे संचालक म्हणून गेले, पण तेवढ्या वेळात त्यांनी उद्यान खात्याचा रंगच पालटला. १९६६ च्या उन्हाळ्यात त्यांनी सेंट्रल पार्कचे रस्ते रविवारी मोटारींना बंद केले. लोक सायकली घेऊन लोटले. रविवार का, तर रविवारी ऑफिस नसतं, कोणाची नोकरी अडत नाही. सर्वांत कमी विरोधाचा दिवस.

इथून पुढची पन्नास वर्षं म्हणजे घड्याळाचं भांडण आहे. रविवारनंतर शनिवार. मग आठवड्याच्या दिवशी दुपारचे काही तास. मग संध्याकाळनंतर. एकेक तास मिळवायचा. १९७३ मध्ये ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्ह्‌ज ही संस्था निघाली आणि मोटारमुक्त बाग ही तिची जुनी मागणी. सह्या, मोर्चे, सुनावण्या. २००४ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात मोटारींचे तास आणखी कमी झाले. तरी सकाळची आणि संध्याकाळची ऑफिसची वेळ ही शेवटची गढी होती. ती काही पडेना.

ही गढी का पडत नव्हती? मोटारवाल्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकतर्फी होईल.

पहिलं म्हणणं: आम्ही काही मौज करत नाही, कामाला जातो. तुमची सकाळची धाव महत्त्वाची आणि आमची नोकरी बिनमहत्त्वाची, हे कोणी ठरवलं? दुसरं: बागेतून गाड्या काढाल तर त्या बागेभोवतीच्या रस्त्यांवर येतील, म्हणजे धूर आणि भोंगे बागेतल्या धावपटूच्या कानातून काढून शेजारच्या इमारतीतल्या म्हातारीच्या खिडकीत टाकाल. उत्तरेला हार्लेम आहे. तिथल्या रस्त्यांवर भार पडला तर त्याची किंमत कोण भरणार? तिसरं: ज्यांना चालता येत नाही, त्यांनी बागेत यायचं कसं? ही तिन्ही म्हणणी पोकळ नाहीत. आणि बागेला सकाळी सहा वाजता धावायला जाणारा वर्ग कोणता, हा प्रश्न विचारला की १८६० च्या बग्ग्या आठवतातच.

याला उत्तर म्हणून बंदीच्या बाजूचे लोक दोन गोष्टी सांगत. एक, मोजून बघा. सकाळी त्या रस्त्यावर मोटारीतली माणसं जास्त की पायी आणि सायकलवरची? ब्रुकलिनमध्ये प्रॉस्पेक्ट पार्क आहे, तीही ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचीच बाग. तिथे पूर्वेकडच्या रस्त्यावर सकाळी ७ ते ९ मोटारींना मुभा होती. शहराच्या वाहतूक खात्यानं मोजलं तेव्हा त्या दोन तासांतसुद्धा मोटारीतल्या माणसांपेक्षा चालणारे, धावणारे आणि सायकलवाले जास्त निघाले. दुसरी गोष्ट म्हणजे आडवे चार रस्ते. ते बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. ६५व्या-६६व्या रस्त्याचा, ७९व्याचा, ८५व्या-८६व्याचा आणि ९७व्याचा, हे चारही रस्ते चालूच राहू देत. बसगाड्याही तिथूनच जातात. शहराची पलीकडे जायची गरज खरी आहे, आणि तिची सोय १८५८ मध्येच केलेली आहे.

मला वाटतं हा युक्तिवाद निर्णायक ठरावा असा होता, आणि तो करायला शंभर वर्षं कोणाला का सुचलं नाही याचं नवल वाटतं. सुचलं असणार. पण डोळ्यांना सवय झाली की मूळ आराखडा दिसत नाही, समोरचा सिग्नलच दिसतो.

शेवटचा टप्पा भराभर झाला. २०१३ च्या उन्हाळ्यात ७२व्या रस्त्याच्या उत्तरेकडचा भाग प्रयोग म्हणून मोटारींना बंद केला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. भोवती अनर्थ झाला नाही. जून २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी तो भाग कायमचा बंद केला, आणि लगेच जुलैत प्रॉस्पेक्ट पार्कचा पश्चिमेकडचा रस्ता. २०१७ च्या उन्हाळ्यात प्रॉस्पेक्ट पार्कच्या पूर्वेकडच्या रस्त्याचा प्रयोग, आणि जानेवारी २०१८ पासून ती संपूर्ण बाग मोटारमुक्त. २० एप्रिल २०१८ ला सेंट्रल पार्कच्या उरलेल्या दक्षिण भागाची घोषणा झाली, आणि २७ जूनपासून ती लागू. आगीचे बंब, रुग्णवाहिका, बागेच्या कामाच्या गाड्या यांना मुभा आहे. चार आडवे रस्ते आधीसारखेच वाहते.

एक पद्धत लक्षात आली का? १९५८ ला प्रयोग, २०१३ ला प्रयोग, २०१७ ला प्रयोग. भीती वादात हरत नाही. ती चार महिने मोकळा रस्ता बघून हरते. आणि प्रयोगाला एक प्रामाणिकपणाही असतो. मोजून वाईट निघालं तर मागे घ्यायची तयारी त्यात ठेवावी लागते.

अर्थात हे सगळीकडे इतकं सुरळीत झालं असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये जॉन एफ. केनेडी ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. तोही १९६७ पासून रविवारी बंद असे. शनिवारचाही बंद करावा की नाही, यावर तिथे २००० मध्ये मतदान झालं आणि प्रस्ताव पडला. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तो रोजच बंद झाला, आणि मग उघडायचा की नाही यावर जोरदार वाद पेटला. या रस्त्यावर मोठी संग्रहालयं आहेत. अपंग नागरिक म्हणाले, आमची गाडी दाराशी जात होती, ती आता जात नाही. बागेपासून लांब, शहराच्या गरीब टोकाला राहणाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणाले, शेजारच्यांना बाग चालत जायला आहे, आम्हाला बसच्या दोन बदल्या करून यावं लागतं, आम्ही मोटारीनं येत होतो तेही बंद केलंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन परस्परविरोधी ठराव एकाच मतपत्रिकेवर आले आणि लोकांनी स्पष्ट बहुमतानं रस्ता बंदच ठेवला. पण त्या तक्रारी खोट्या होत्या असं त्यावरून सिद्ध होत नाही. फिरती बस, दाराजवळ अपंगांसाठी राखीव जागा, ही कामं बंदीबरोबरच करावी लागतात. ती केली नाहीत तर बंदी म्हणजे नुसती जुन्या श्रीमंतांच्या जागी नव्या तंदुरुस्तांची सोय ठरेल.

आणि सेंट्रल पार्कमध्ये तरी सगळं मिटलं का? नाही. २०१४ मध्ये, मोटारी पूर्ण हटण्याच्याही आधी, सायकलींच्या धडकेनं दोन पादचाऱ्यांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी बागेतली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर आणली गेली. आता विजेवर चालणाऱ्या सायकली आल्या आहेत, त्या बागेत चालाव्यात का, हा वाद आहे. पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांच्या बग्ग्या ठेवाव्यात की बंद कराव्यात, हा वाद आहे. बग्ग्यांसाठीच तर हा रस्ता बांधला होता! फाटकाशी दर पिढीत नवं वाहन येतं, आणि दर पिढीला विचारावं लागतं की हे फिरायला आलंय की पोचायला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातून घेण्यासारखी कसोटी ती हीच आहे. वाहन कोणतं, किती चाकांचं, कोणाच्या मालकीचं, हे दुय्यम. बागेतून घाईनं पलीकडे जायचंय का, की बागेतच यायचंय? पलीकडे जाणाऱ्याची गरज खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये, तिला वेगळा रस्ता द्यावा. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी तो दिला होता. आजही ७९व्या रस्त्यावरून बस खालून जाते, वर पुलावरून कोणीतरी मुलाचं बोट धरून चाललेलं असतं, आणि दोघांनाही एकमेकांचा त्रास होत नाही. आपल्या गावात एखाद्या बागेतून किंवा मैदानाच्या कडेनं रस्ता काढायचा प्रस्ताव आला, किंवा असलेला बंद करायचा, तर आधी एवढंच विचारा: पलीकडे जाणाऱ्यांची सोय कुठे केली आहे? तिचं उत्तर कागदावर असेल तर पुढची चर्चा पुष्कळ शांतपणे होते. नसेल, तर कोणाचं तरी घर, कोणाची तरी खिडकी, त्याची किंमत भरणार आहे, हे गृहीत धरा.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील ते जरूर विचारा.